ढकललेले पैसे, ओढलेले पैसे

"यूपीआय असताना गिऱ्हाइकांकडून क्रेडिट कार्डाने पैसे कशाला घ्यायचेत तुम्हाला?" हा प्रश्न मला बँकेतल्या बाईंनी विचारला, सीएने विचारला, आणि नौपाड्यातल्या झेरॉक्सवाल्याने तर माझे कागद काचेवर पालथे घालता घालता विचारला. त्यांचं काही चुकत नव्हतं. जांभळी नाक्यावर कोथिंबिरीच्या जुडीचे पैसे मोबाइलवरून देता येतात, तलावपाळीला भेळेच्या गाडीवर टांगलेला डबा ओरडून रक्कम सांगतो, रिक्षावाल्याच्या पाठीमागे स्टिकर असतो. २०१६ मध्ये सुरू झालेली ही सोय ठाण्यात इतकी मुरली आहे की सुट्ट्यांवरून होणारी भांडणं ऐकायला येईनाशी झालीत. शिवाय १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागे कापली जाणारी टक्केवारी, लागत नाही. मग फुकटचं सोडून दोन टक्के कापणारं कुणी मुद्दाम घरी आणावं कशाला?

कारण मावशीच्या गोधड्या.

मावशी कोपरीला राहते. ती आणि तिच्या काही मैत्रिणी दुपारी जेवणं आटोपली की हॉलमध्ये सतरंजी अंथरून बसतात आणि जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात. धावदोरा, हाताचा, मशीन नाही. साड्या गिऱ्हाइकाच्याच असतात. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक वेळा एखादी मुलगी, जिची आई गेली आहे आणि जी दोन आठवड्यांच्या रजेवर डोंबिवलीचं नाहीतर ठाण्याचं कपाट रिकामं करायला न्यू जर्सीहून किंवा म्युनिकहून आली आहे. साड्या टाकवत नाहीत, नेववतही नाहीत. कुणीतरी तिला मावशीचा नंबर देतं. पिशवी कोपरीला येते, मुलगी परत जाते, आणि पैशांचं बोलणं होतं तेव्हा ती साता समुद्रापलीकडे असते. तिच्याकडे भारतातलं वापरातलं खातं नसतं, भारतातला मोबाइल नंबर केव्हाच बंद झालेला असतो. तिच्या पाकिटात असतं ते क्रेडिट कार्ड. पूर्वी अशा वेळी तिचा कुणीतरी चुलतभाऊ इकडून पैसे पाठवायचा, मग ती त्याला पाठवायची, आणि त्या चुलतभावाला आठवण करायचं काम माझ्याकडे यायचं. त्याला कंटाळून मी म्हटलं, साइट करू या आणि कार्डाने पैसे घेऊ या.

साइट झाली चटकन. तिथे सांगण्यासारखं काही नाही. कार्डाचं मात्र पुरतं शिक्षण झालं, आणि त्या शिक्षणाचा गाभा मला जो समजला तो असा.

यूपीआयने पैसे देताना गिऱ्हाईक स्वतःच्या खात्यातून पैसे माझ्याकडे ढकलतं. रक्कम त्याने पाहायची, पिन त्याने दाबायचा, मी नुसती वाट बघत उभी. क्यूआर कोड माझ्या भिंतीवर चिकटवलाय म्हणून मला कुणाच्या खात्यात शिरता येत नाही. कार्डाचं नेमकं उलट आहे. गिऱ्हाईक कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे देतं, आणि पैसे ओढून घ्यायचे असतात ते विकणाऱ्याने. म्हणजे कार्डाचा नंबर ही एका अर्थी घराची किल्ली आहे आणि गिऱ्हाईक ती मला, कोपरीतल्या एका अनोळखी बाईच्या भाचीला, इंटरनेटवरून देतंय. मी एकदा वापरून परत द्यावी अशी अपेक्षा. मग संशय कुणावर असणार? किल्लीवाल्यावर. पुढे जे जे कागद मागितले गेले, जे जे प्रश्न आले, जी जी रक्कम अडकून राहिली, त्या सगळ्याच्या मुळाशी हा एकच संशय होता. हे लक्षात आल्यावर माझा निम्मा राग गेला. निम्मा राहिला, तो दोन टक्क्यांवरचा. त्याकडे येतेच.

हा संशय फार जुना आहे आणि अनुभवाने कमावलेला आहे. १९५८ च्या सप्टेंबरात बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात साठ हजार कार्डं, कुणीही मागितलेली नसताना, पोस्टाने घरोघर पाठवून दिली. पुढे राज्यभर तसंच केलं. पत्रपेट्यांतून कार्डं चोरीला गेली, बिलं बुडाली, बँकेचे हात चांगलेच पोळले. त्याच कार्डाचं १९७६ मध्ये व्हिसा झालं. आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणलं, तोवर तिकडे या धंद्याने सगळ्या प्रकारच्या लबाड्या पाहून घेतल्या होत्या. आज कार्ड स्वीकारायचा अर्ज भरताना जे रकाने दिसतात, त्यातल्या प्रत्येकामागे कुठल्या ना कुठल्या लबाडाचं कर्तृत्व असणार.

तर कागद.

आधी चालू खातं हवं, आणि एकट्याच्या मालकीच्या धंद्याचं चालू खातं काढायला धंदा आहे हे सांगणारे दोन पुरावे हवेत. एक उद्यम, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी. ही १ जुलै २०२० पासून सुरू झाली, फुकट आहे, घरी बसून होते. फक्त शोधताना जपावं, कारण सरकारी वाटावं असं रूप घेतलेल्या खासगी साइट्स वर दिसतात आणि फुकटच्या कामाचे पैसे मागतात. दुसरा गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा दाखला. खरं म्हणजे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागतच नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. पण बँकेच्या काउंटरवर ती पावती दिली की उत्तर येतं, "हे नको, गुमास्ता आणा." हाच गुमास्ता आहे हे पटवायला पावतीवरच्या कलमावर बोट ठेवावं लागतं. बाई चांगल्या होत्या, पटल्यावर त्यांनीच पुढचा फॉर्म भरून दिला.

खरी गाठ पडली ती नावाची. मावशीचं लग्न झालं तेव्हा तांदळात अंगठीने नवं नाव लिहायची पद्धत होती. नुसतं आडनाव बदलत नसे, पहिलं नावही बदले. काकांनी तिचं पॅन कार्ड काढलं तेव्हा जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला जोडला, म्हणून पॅनवर माहेरचं नाव. आधार निघालं रेशन कार्डावरून, म्हणून त्यावर सासरचं. पासबुकात सासरचं, पण आडनाव आधी. या तीन नावांची बाई एकच आहे हे कोपरीत कुणालाही विचारा. कार्डाचे पैसे दुकानदारापर्यंत पोचवणाऱ्या गेटवे कंपनीच्या संगणकाला मात्र तीन वेगळ्या बाया दिसल्या आणि त्याने अर्ज परत केला. फोनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सिस्टम घेत नाहीये." मावशी शेजारी बसून ऐकत होती. "त्याला विचार," ती म्हणाली, "माझ्या लग्नाला आलेल्यांतलं कुणी साक्षीला चालेल का?"

चाललं नसतं. लग्नाचा दाखला, राजपत्रात नाव बदलल्याचं निवेदन, मग पॅनची दुरुस्ती, मग बँक, मग पुन्हा अर्ज, असा सगळा प्रदक्षिणेचा मार्ग होता. मला यात गंमत वाटली नाही. घरून धंदा करणाऱ्या बायकांवर इतकी भाषणं होतात, आणि मावशीच्या वयाच्या बायकांची नावं कागदोपत्री जुळत नाहीत ही इतकी साधी अडचण कुणाच्या फॉर्ममध्ये नाही. नवऱ्याच्या नावाने धंदा दाखवला असता तर सगळं एका दुपारी झालं असतं. सीएने तसं सुचवलंही. मावशीने त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, तेवढ्यावर तो विषय संपला.

आता ज्याला आपण सगळे गेटवे म्हणतो त्याला रिझर्व्ह बँक पेमेंट अॅग्रीगेटर म्हणते. १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून त्यांनाही परवाना लागतो. अर्ज करतानाच किमान १५ कोटींची नक्त मालमत्ता दाखवावी लागते, गिऱ्हाइकांचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीला स्वतःसाठी वापरता येणार नाहीत असे, ठेवावे लागतात, आणि ज्या दुकानदाराला आपल्या दारात घेतलं त्याची चौकशी केलेली असावी लागते. म्हणजे माझ्यावर संशय घेणाऱ्यावरही वरून कुणीतरी संशय घेऊन बसलेलं आहे. हे कळल्यावर त्या फोनवरच्या मुलाबद्दल थोडी माया वाटली.

त्याने पुढचा ईमेल पाठवला तो साइटबद्दल. अटी, गोपनीयता, पाठवणी, परतावा आणि संपर्क यांची स्वतंत्र पानं हवीत, नाहीतर खातं सुरू होणार नाही. सोबत तयार मसुदेही होते. बहुतेक जण तेच चिकटवतात, म्हणूनच चपला विकणाऱ्यापासून चकल्या विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांची परताव्याची पानं शब्दशः सारखी असतात. मीही चिकटवायला बसले आणि वाचू लागले. 'वस्तू न वापरलेल्या स्थितीत, मूळ पॅकिंगसह, ७ दिवसांत परत करावी.'

मूळ पॅकिंग म्हणजे कुठलं? आईचं कपाट?

मावशीला वाचून दाखवलं. ती शिवता शिवता थांबली. "पैसे देईन गं परत," ती म्हणाली, "साड्या कशा देऊ? त्यांचे तुकडे झालेत." मग त्या दुपारी काम बाजूला राहिलं आणि सगळ्या मैत्रिणींसह जे बोलणं झालं तसं मी कुठल्या ऑफिसातही ऐकलं नव्हतं. गिऱ्हाइकाला रंगांची मांडणी आवडली नाही तर? टाके आवडले नाहीत तर? साडी इतकी जीर्ण निघाली की धुतानाच विरली, तर दोष कुणाचा? आणि कुरिअरमध्ये पिशवीच हरवली तर? गोधडीची मजुरी ३,५०० रुपये, ती परत देता येईल. पण आत जे इरकल होतं, लग्नातला शालू होता, त्याचे किती द्यायचे? एकजण म्हणाली, साड्यांचे बाजारभावाने. दुसरी म्हणाली, जुन्या साडीला बाजारात भांडंसुद्धा येत नाही, मग काय चमचा देणार का? त्यावर हसू झालं, पण प्रश्न तसाच राहिला.

हे सगळं आम्ही आजवर कधी ठरवलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. समोरासमोर काम चालतं तेव्हा नियम लागत नाहीत. माणूस नाराज झालं तर चहा होतो, दोन टाके उसवून दुसरे घातले जातात, शंभर-दोनशे कमी घेतले जातात. हा नियम नसण्याचा कारभार वाईट नव्हता. पण म्युनिकच्या मुलीला चहा देता येत नाही. तिला आधी, पैसे द्यायच्या आधी, लिहून सांगावं लागतं की बिनसलं तर आम्ही काय करू.

शेवटी ठरलं ते असं. साड्या आल्या की धुऊन, वाळवून, मांडणी करून फोटो पाठवायचा. गिऱ्हाईक 'हो' म्हणेपर्यंत कात्री लावायची नाही. कात्रीआधी मन बदललं तर सगळे पैसे परत आणि साड्याही परत, कुरिअरचा खर्च त्यांचा. कात्रीनंतर पैसे परत नाहीत, पण टाका उसवला तर कधीही शिवून देणार. विरलेल्या साडीची कल्पना फोटोबरोबरच द्यायची. आणि हरवलेल्या पिशवीबद्दल आम्ही लिहिलं की मजुरी पूर्ण परत मिळेल, साड्यांची भरपाई पैशांत होऊ शकत नाही, म्हणून शक्य असेल तर पिशवी हाती आणून द्यावी. या शेवटच्या वाक्यावर गेटवेने हरकत घेतली नाही. सीएने घेतली, तो म्हणाला धंद्यात असं लिहीत नसतात. ते वाक्य अजून तिथेच आहे.

ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम जुलै २०२० मध्ये आले, त्यात परताव्याची माहिती ठळक द्यायला सांगितलंच आहे. शिवाय एक तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायचा असतो. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिनाभरात. अधिकारी कोण होणार यावर फार चर्चा झाली नाही. ज्या मैत्रिणीचा आवाज सगळ्यात मोठा तिलाच केलं. तिने तो हुद्दा घरी सुनेला सांगितला म्हणे.

जीएसटीचं एका वाक्यात सांगते, कारण त्यावर लिहायला बसलं तर हा लेख सीएलाच द्यावा लागेल. राज्याच्या हद्दीबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना त्यातून सूट आहे, आणि आपली वस्तू कुठे बसते हे साइट सुरू करायच्या आधी ठरवून घ्यावं.

मग धंद्याचा प्रकार निवडायचा होता. कार्डाच्या जगात प्रत्येक दुकानाला चार आकडी कोड असतो. बेकरीला ५४६२, पुस्तकांच्या दुकानाला ५९४२. गोधडीला कोड नाही. आम्ही ५७१९ मध्ये, घरसजावटीच्या किरकोळ वस्तूंत बसलो. वागळे इस्टेटमधल्या सोफा-पडद्यांच्या शोरूमच्या रांगेत मावशी, याचं मला अजून हसू येतं.

जोडणी झाल्यावर चाचणी. त्यासाठी खोटा कार्ड नंबर देतात, ४ आणि त्यापुढे पंधरा वेळा १. तो चालतो कसा, याचा हिशेब फार सुंदर आहे. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे दुप्पट करायचे. ४ चे ८ आणि सात एक्यांचे १४, झाले २२. उरलेले आठ एक्के मिळवले की ३०. बेरजेला दहाने भाग गेला की नंबर लिहिण्यात बहुधा चूक नाही. (दुप्पट करून दोन आकडी संख्या आली तर तिचे दोन आकडे मिळवायचे, इथे ती वेळ येत नाही.) आयबीएममधल्या हान्स पीटर लून नावाच्या अभियंत्याने १९५४ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६० मध्ये ते मिळालं. तेव्हा हे कागद-पेन्सिलीच्या जमान्यातल्या हातचुका पकडायला होतं. आज आपण घाईत एक आकडा चुकवला की पान लगेच लाल होतं, ते बँकेला विचारून नाही, या बेरजेवरून. माझ्या भाच्याने घरातली सगळी कार्डं आणून बेरजा केल्या. सगळी बरोबर निघाली. त्याला जरा वाईटच वाटलं.

खरा नंबर मात्र माझ्यापर्यंत पोचतच नाही, आणि ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. 'पैसे भरा' दाबलं की गिऱ्हाईक गेटवेच्या पानावर जातं. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर दुकानदाराने किंवा गेटवेनेही कार्डाचा नंबर साठवून ठेवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. पुढच्या वेळेसाठी ठेवायचा तर नंबराऐवजी एक बदली टोकन ठेवतात, जे त्या दुकानाबाहेर निरुपयोगी. त्या काळात लोक कुरकुरत होते की दर वेळी नंबर काय घालायचा. दुसऱ्याच्या किल्ल्या सांभाळायची जबाबदारी ज्याच्यावर येऊ शकली असती त्याला विचारा.

आता ते दोन टक्के. ३,५०० रुपयांवर २ टक्के म्हणजे ७० रुपये, आणि त्या ७० वर १८ टक्के जीएसटी, १२ रुपये ६० पैसे. हाती ३,४१७ रुपये ४० पैसे. परदेशी कार्डावर आमच्याकडून ३ टक्के घेतात, तिथे कर धरून १२३ रुपये ९० पैसे जातात. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिने लगेच ते टाक्यांत मोजलं. किती वेळचं शिवणं कुणाला फुकट गेलं, असं.

त्यातला मोठा वाटा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, थोडा व्हिसा-मास्टरकार्डसारख्या जाळ्याला, थोडा आमच्या बाजूच्या बँकेला आणि गेटवेला. कार्ड देणारी बँक उधारीची जोखीम घेते, हे मान्य. पण त्याच पैशातून ती गिऱ्हाइकाला पॉइंट देते, आणि त्या पॉइंटांवर विमानतळाच्या लाउंजमध्ये इडली-सांबार मिळतं. म्हणजे हिशेब असा लागतो की कोपरीतल्या बायका धावदोरा घालून लाउंजमधल्या इडलीला हातभार लावतात. याला कुणी कितीही अर्थशास्त्र चिकटवो, मला हे पटलेलं नाही. राममारुती रोडवर दुकानदार "कार्डाने दिलं तर दोन टक्के वर पडतील" म्हणतात तेव्हा पूर्वी मी तावातावाने भांडायचे. आता भांडत नाही, पण स्वतः तसं करतही नाही. आम्ही मजुरीच थोडी वाढवली, सगळ्यांसाठी. त्यात यूपीआयवाले विनाकारण भरडले जातात, हेही खरं.

पैसे हातात यायला दोन दिवस लागतात, सुट्टी आली तर जास्त. आणि आमच्यासारख्या कामात आणखी एक पेच होता. गोधडीला दीड-दोन महिने लागतात. पैसे आज घेऊन वस्तू दोन महिन्यांनी देणारा दुकानदार गेटवेला आवडत नाही, कारण मधल्या काळात दुकान बंद पडलं तर भरपाई त्याच्या अंगावर येते. कार्डावर रक्कम नुसती अडवून ठेवायची सोय असते, पण ती काही दिवसांपुरती. दोन महिने कुणाचे पैसे असे टांगून ठेवता येत नाहीत. म्हणून अर्धे पैसे फोटोला 'हो' आल्यावर, अर्धे गोधडी तयार झाल्यावर, दोन्ही वेळा पेमेंट लिंक पाठवून. लोणचं-मसाले विकणाऱ्यांना हे करायची गरज नाही, पण ऑर्डर घेऊन मग बनवणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन.

पहिला परदेशी व्यवहार झाला तेव्हा माझ्या मामेभावानेच न्यू जर्सीहून कार्ड वापरलं. पैसे गेले, आणि ओटीपी आलाच नाही. मला धडकी भरली. आपल्याकडे ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डाला दुसरी खातरजमा सक्तीची आहे, त्यामुळे ओटीपीची टिंग वाजल्याशिवाय पैसे हलले तर आपल्याला चोरीच वाटते. अमेरिकेत तशी सक्ती नाही. तिथली बँक आपल्या गणिताने ठरवते की हा व्यवहार खरा दिसतो, आणि सोडून देते. गिऱ्हाइकाला सोपं जातं. पण गोम अशी की खातरजमा झालेली असेल आणि मग कार्डधारक म्हणाला "हा व्यवहार मी केला नाही", तर नुकसान सहसा त्याच्या बँकेचं. खातरजमा न होता पैसे आले असतील तर नुकसान माझं. वस्तूही गेली, पैसेही गेले.

आणि कार्डधारक असं म्हणू शकतो, चांगला तीन-चार महिन्यांनीसुद्धा. मग पैसे दुकानदाराकडून परत ओढले जातात, यालाच चार्जबॅक म्हणतात. अमेरिकेने १९७४ च्या कायद्याने कार्डधारकाला चुकीच्या बिलावर हरकत घ्यायचा हक्क दिला, आणि कार्डांच्या जाळ्यांनी आपल्या नियमांतून तशी सोय जगभर नेली. दुकानदारांच्या घोळक्यात चार्जबॅक हा शिवीसारखा उच्चारतात. आमच्यावर आला तो पुण्याहून. एका ताईंच्या स्टेटमेंटवर आमच्या साइटचं नाव नव्हतं, गेटवेने कागदांवरून उचललेलं मावशीचं नाव होतं, तेही इंग्रजी कॅपिटल अक्षरांत अर्धवट तुटलेलं. त्या बाईंना आपण कधी पैसे दिल्याचं ताईंना आठवेना, त्यांनी बँकेत हरकत घेतली. त्याच दिवशी गेटवेने आमच्या पुढच्या जमेतून ती रक्कम बाजूला काढली आणि पुरावे मागितले, मुदत अगदी मोजकी.

पुरावे होते. साड्यांच्या मांडणीचा फोटो, त्याखाली ताईंचं 'हो, छान दिसतंय', कुरिअरची पोच, आणि गोधडीवर झोपलेल्या नातवाचा त्यांनी स्वतःच पाठवलेला फोटो. हा शेवटचा फोटो जोडावा की नाही यावर मावशीशी वाद झाला. ती म्हणाली, लेकराचा फोटो बँकेला कशाला. नाही जोडला. पैसे परत आले. ताईंचा फोन आला, त्या बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या होत्या की आम्हीच त्यांची समजूत घालत बसलो. मी गेटवेला लिहून स्टेटमेंटवर साइटचं नाव दिसेल असं करून घेतलं. नवा धंदा सुरू करणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी तपासावं, स्वतःच्या कार्डावरून दहा रुपये भरून.

तरीही माझं मत ताईंच्या बाजूने आहे. अनोळखी साइटवर ढकललेले पैसे गेले की गेले, मग सायबर पोलिसांचा फोन लावत बसा. ओढलेल्या पैशांत मात्र ज्याच्याकडे दाद मागावी असा तिसरा कुणीतरी असतो, आणि त्याच्या हातात दुकानदाराची जमा असते. मी घरच्यांना सांगते, ओळख नसलेल्या ठिकाणी घ्यायचं तर कार्डाने घ्या. आमच्याकडूनसुद्धा. मावशीला हे अजिबात आवडत नाही. "आपण काय लबाड आहोत का?" ती विचारते. आपण नाही, पण पुण्याच्या ताईंना ते कसं कळावं?

परदेशी कार्ड बंद करून टाकावं असा विचार मात्र दोन-तीनदा मनात येऊन गेला. मग ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्याच मुली बाहेर राहिल्या असत्या. त्याऐवजी एक नियम केला. परदेशी कार्डाने येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाशी पहिली लिंक पाठवायच्या आधी एकदा व्हिडिओ कॉल करायचा. नाव काय, साड्या कुणाच्या, गोधडी कुठे पाठवायची, एवढं बोललं की माझं काम होतं. मावशीचं काम तिथून सुरू होतं. परवा ती न्यू जर्सीच्या एका मुलीला कॅमेऱ्यासमोर एकेक साडी उलगडायला लावत होती. "हां, ही घे. ही पण घे, मऊ पडलीय. ती जरीची नको गं पाठवूस, रात्री टोचते. आणि पदराला काय झालंय तिच्या? जवळ आण, जवळ."